शेताचा हिशेब आणि घरची बाई



शेतकऱ्याच्या घरी बाई काम करीत नाही, असे म्हणणारा मनुष्य आम्हांस अद्याप भेटला नाही. पेरणी, निंदणी, राखण, काढणी, गुरांचे शेणपाणी, धारा, ह्या सर्वांत तिचा हात असतो. परंतु शेतावर कर्ज किती आहे, ते कोणाचे आहे, फेडीची मुदत कोणती, गेल्या साली पिकास खर्च किती आला आणि हाती काय उरले, हे तिला विचारा; म्हणजे बहुधा एकच उत्तर येते की, "ते घरधन्यांस ठाऊक." घरधनी आहे तोपर्यंत ह्या उत्तराने निभावते. तो अंथरुणास खिळला किंवा जगातून गेला, म्हणजे कागदांची पेटी उघडली जाते, आणि जिने त्या जमिनीत आयुष्य घातले तिलाच त्या कागदांतील अर्थ कळत नाही. मग जो येईल तो सांगेल ते खरे, आणि जेथे दाखवील तेथे अंगठा.

ही उणीव केवळ आपल्याच देशातील आहे असे नव्हे. अमेरिकेत नांगर यंत्राने चालतो, एकेका कुटुंबाची शेती शेकडो एकरांची असते, आणि बहुतेक स्त्रियांस लिहिता वाचता येते. तरी तेथेही शेताचे काम बाईचे व शेताचा हिशेब पुरुषाचा, अशी वाटणी पुष्कळ काळ चालत आली. तेथे ह्यावर जो उपाय योजण्यात आला, त्याची हकीकत ह्या पाठात देण्याचे आम्ही योजिले आहे. ज्या गावी वाचणारे थोडे आहेत, तेथे कोणी तरी हा पाठ मोठ्याने वाचावा, आणि ऐकावयास बायांस अवश्य बोलवावे.

१. कायद्याने बाईचे श्रम पाहिले नाहीत

अमेरिकेत १९१४ साली एक कायदा होऊन गावोगावच्या शेतकऱ्यांस विद्यापीठांतील ज्ञान पोहोचविण्याची व्यवस्था झाली. हिला विस्तार सेवा म्हणतात. ती फार उपयोगी ठरली. तथापि तिच्यात आरंभापासून दोन वाटा पडल्या. पुरुषांकरिता शेतीचा शिक्षक. तो बी, खत, जनावरे व बाजार ह्यांविषयी सांगे. बायांकरिता गृहशिक्षिका, ती मुख्यतः स्वयंपाक, फळे व भाज्या डब्यांत भरून टिकविणे, शिवणकाम आणि बालसंगोपन शिकवी. अंडी व लोणी विकून आलेला पैसा बाईच्या हाती असे, आणि मंदीच्या वर्षी पुष्कळ घरांची चूल त्याच पैशावर पेटे. तरी मोठ्या शेताच्या वहीपर्यंत तिचा हात क्वचितच पोहोचला.

ह्याचा परिणाम किती कठीण झाला, हे वारसाकराच्या उदाहरणावरून दिसून येईल. १९८१ पूर्वीचा अमेरिकेचा मध्यवर्ती कायदा असा होता की, नवराबायकोच्या संयुक्त नावाने असलेली जमीन, दोघांपैकी एक मेला असता, सर्वस्वी त्या मृताचीच धरावी. मात्र मागे राहिलेल्याने आपला पैसा तीत घातल्याचे सिद्ध केले तर तेवढा भाग वजा व्हावा. आता ज्या बाईने तीस वर्षे धारा काढल्या, ट्रॅक्टर हाकला, मजुरांस जेवू घातले, तिच्यापाशी पैसा घातल्याची पावती कोठून असणार? यास्तव नवरा वारल्यावर तिच्या स्वतःच्या अर्ध्या वाट्यावरही, जणू तो तिला नव्याने मिळाला, असा कर बसू शकत असे. १९७६ पर्यंत फक्त ६०,००० डॉलरपर्यंतची मालमत्ता ह्या करातून सुटे, आणि १९७० नंतर तर जमिनीचे भाव झपाट्याने चढले. तेव्हा कर भरण्यासाठी विधवेने जमीनच विकावी, असा प्रसंग येऊ लागला.

नेब्रास्का राज्यातील डॉरिस रॉयल नावाच्या एका शेतकरणीने ह्या अन्यायाविरुद्ध अर्ज तयार करून देशभर सह्या जमविल्या. १९७६ साली कायद्यात काही सुधारणा झाली, आणि १९८१ च्या कायद्याने पतिपत्नींमधील वारशावरचा हा कर काढून टाकण्यात आला. कर्जाच्या बाबतीतही असाच एक कायदा १९७४ साली झाला होता. स्त्री आहे किंवा विवाहित आहे एवढ्याच कारणाने कोणास कर्ज नाकारू नये, असे त्याने ठरविले.

येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात धरावी. श्रम हे खरे असतात, पण कचेरीत ते दिसत नाहीत. कचेरीस कागद दिसतो. जिच्या श्रमाचा कागद नाही, तिचे श्रम जगाच्या लेखी झालेच नाहीत. अमेरिकेच्या सरकारी शेती गणतीतसुद्धा शेत चालविणारा पुरुष की स्त्री हे १९७८ पर्यंत विचारीत नसत, आणि २००२ पर्यंत एका शेतास एकच चालविणारा मोजीत. एकाहून अधिक माणसे मोजण्याची रीत आल्यावर बाया कागदावर दिसू लागल्या. २०२२ च्या गणतीत शेती चालविणाऱ्यांत स्त्रियांची संख्या १२ लाखांहून अधिक, म्हणजे शेकडा ३६ भरली.

२. ॲनी आणि तिची कन्या

इलिनॉय राज्याच्या उत्तर भागात ॲनेट फ्लेक नावाची एक बाई होऊन गेली. तिला ॲनी म्हणत. ती लहान गावात वाढली, आणि शेतकऱ्याशी लग्न करावे ही तिची इच्छा होती. ती पुरी झाली. परंतु शेतकऱ्याची बायको होणे निराळे आणि शेतीच्या धंद्यातील भागीदार होणे निराळे. हे दुसरे शिकण्यास तिला सारा जन्म लागला. एका छपराखाली तीन पिढ्या नांदत होत्या. शेतीत नफा थोडा होता. कोणते पीक व कोणता जोडधंदा ठेवावा आणि कोणता सोडावा, हे वेळोवेळी बदलावे लागे. त्यातच मुलाबाळांचे संगोपन. ह्या सर्व काळात ॲनीने एक नेम मोडला नाही: ती नोंदी ठेवीत असे. कोणत्या कागदाची मुदत कधी संपते, कर केव्हा भरावयाचा, सरकारास काय कळवावयाचे, हे तिला ठाऊक असे.

तिची कन्या रूथ हॅम्बलटन ही पुढे इलिनॉय विद्यापीठाच्या विस्तार सेवेत शेतीच्या व्यवहाराची शिक्षिका झाली. आईला जे एकटीने, ठेचा खात, आयुष्यभर शिकावे लागले, ते इतर शेतकरणींस थोड्या आठवड्यांत व सोबतीने शिकता यावे, अशा हेतूने तिने २००३ साली एक शिक्षणक्रम सुरू केला, आणि त्यास आईचेच नाव दिले: ॲनीज प्रोजेक्ट, म्हणजे ॲनीचा उपक्रम. आयोवा राज्याच्या विद्यापीठाने तो उचलून धरला, आणि पुढे तो ३० हून अधिक राज्यांत पसरला. मक्याच्या व सोयाबीनच्या मुलखात तो चालतो, तसाच पश्चिमेकडील गुरांच्या मुलखातही चालतो. तेथे कुटुंबे विस्तीर्ण कुरणांवर गाईंचे कळप पाळून वासरे विकतात, आणि अशा ठिकाणास रँच म्हणतात.

३. पाच जोखमी

ह्या वर्गात पीक कसे काढावे हा मुख्य विषय नाही. मुख्य विषय असा की, शेतीच्या धंद्यात बुडण्याच्या वाटा किती, आणि प्रत्येक वाटेवर पहारा कसा ठेवावा. त्या पाच सांगितल्या आहेत.

पहिली, पिकाची. पाऊस, गारा, कीड, रोग. ह्यावर विमा असतो. पण विम्यास मुदत असते. आयोवा व इलिनॉय प्रांतांत मक्याचा विमा १५ मार्चच्या आत घ्यावा लागतो. सोळाव्या तारखेस कितीही रडले तरी त्या साली दार बंद.

दुसरी, बाजाराची. शिकागो शहरात १८४८ पासून धान्याचा मोठा बाजार आहे. तेथे पीक उभे असतानाच पुढील महिन्यांचे सौदे होतात. आपले धान्य आगाऊ भाव ठरवून विकावे, की कोठारात ठेवून वाट पाहावी, हा निर्णय पुरुषाने बाजारगप्पांवरून करावयाचा नसतो, आणि बाईनेही नशिबावर सोडावयाचा नसतो. आपला खर्च किती आला हे ज्यास ठाऊक, त्यालाच भाव चांगला की वाईट हे सांगता येते.

तिसरी, पैशाची. येथे तीन कागद शिकवितात. ताळेबंद, म्हणजे आज आपले काय आणि आपण कोणाचे काय देणे लागतो. नफातोट्याचे पत्रक, म्हणजे सालभरात खरोखर मिळविले की गमाविले. आणि रोकडीच्या आवकजावकेचा अंदाज, म्हणजे कोणत्या महिन्यात हाती पैसा असेल व कोणत्या महिन्यात नसेल. १९८० नंतरच्या दशकात आयोवाच्या जमिनीचे भाव निम्म्याहून खाली आले. चढत्या भावाच्या भरवशावर ज्यांनी कर्ज काढून जमीन घेतली होती, त्यांतील पुष्कळांची शेते लिलावात गेली. पीक त्यांचे वाईट नव्हते; ताळेबंद वाईट होता.

चौथी, कायद्याची. जमीन कोणाच्या नावाने आहे. खंडाचा करार लेखी आहे की तोंडी. मृत्युपत्र झाले आहे की नाही. आयोवात खंडाने दिलेली शेतजमीन सोडवून घ्यावयाची असल्यास १ सप्टेंबरपर्यंत लेखी सूचना द्यावी लागते. न दिल्यास तोच करार पुढील सालासही चालू राहतो. नवीनच विधवा झालेल्या बाईस ही एक तारीख ठाऊक नसल्यास तिचे एक वर्ष गेलेच.

पाचवी, माणसांची. आजार, अपघात, मजुरांची उणीव, आणि सर्वांत अवघड म्हणजे घरातील अबोला. सासऱ्याने सत्ता सोडू नये, मुलाने विचारू नये, सुनेस कोणी सांगू नये; अशा घरात चांगला हिशेबही कुजतो. म्हणून जमीन पुढील पिढीच्या हाती कशी सोपवावी ह्यावर ह्याच उपक्रमाचा वेगळा शिक्षणक्रमही निघाला.

४. हिशेबाचे दोन दाखले

ह्या विद्येचा मासला वाचकांस कळावा म्हणून आम्ही दोन सोपे दाखले देतो. आकडे समजुतीकरिता घेतले आहेत.

एका बाईच्या शेतात मक्यास एकरी ८०० डॉलर खर्च आला. एकरी २०० बुशेल मका झाला, तर एका बुशेलास खर्च ४ डॉलर. पाऊस कमी पडून १६० च बुशेल झाला, तर खर्च तोच, पण बुशेलास ५ डॉलर. आता व्यापारी साडेचार डॉलर भाव देतो. हा भाव चांगला की वाईट? पहिल्या साली दर बुशेलास अर्धा डॉलर नफा, दुसऱ्या साली अर्धा डॉलर तोटा. भाव एकच, व्यापारी एकच. फरक काय तो हिच्या वहीत आहे. ज्या घरी वही नाही, ते घर दोन्ही साली सारखाच आनंद मानून माल घालील.

दुसरा दाखला रँचवरचा. १०० गाई आहेत आणि दर गाईस सालाचा खर्च ९०० डॉलर, एकूण ९०,०००. वासरे वसंत ऋतूत जन्मतात आणि शरद ऋतूत आईपासून तोडून विकतात. म्हणजे पैसा सालात एकदाच येतो, देणेकरी मात्र बारा महिने येतात. विक्रीपर्यंत ७५ वासरे वाचली, तर एका वासरास खर्च १,२०० डॉलर. ९० वाचली, तर १,००० डॉलर. गाई शंभरच, गवत तेवढेच. तेव्हा धन्याने कळप वाढविण्यासाठी कर्ज काढण्याआधी बाईने विचारावे की, भाकड गाई कोणत्या? गाभण नसलेली गाय हिवाळाभर चारा खाऊन काय देणार? पण हा प्रश्न विचारण्यास कोणती गाय कोणत्या साली व्याली ह्याची नोंद पाहिजे. ती नोंद डोळ्यांनी गुरे रोज पाहणाऱ्या बाईइतकी चांगली दुसरे कोण ठेवील?

५. शिकविण्याची रीत

हा शिक्षणक्रम बहुधा सहा बैठकांत, दर बैठकीस तीन तास, असा अठरा तासांचा असतो. वर्ग लहान असतो, आणि केवळ स्त्रियांचा असतो. ह्याचे कारण पुरुषांचा द्वेष हे नव्हे. ज्या सभेत पुरुष बसले आहेत तेथे बाई विचारीत नाही, आणि जी विचारीत नाही ती शिकत नाही, एवढेच कारण. शिकविण्यास त्याच भागातील वकील, पेढीवरील कर्ज देणारा, विमेवाला ह्यांस बोलावितात. म्हणजे ज्या माणसाच्या दारात जाण्यास तिला भय वाटत होते, तोच तिच्या समोर उभा राहून तिच्या प्रश्नांची उत्तरे देतो. आणि पुढे प्रसंग आल्यास कोणाकडे जावे हे तिला ठाऊक असते.

दुसरी गोष्ट अशी की, बाया एकमेकींपासून शिकतात. एकीने सासऱ्याकडून जमिनीचे लेखी करून घेतलेले असते. दुसरीने कर्जाची मुदत वाढवून मिळविलेली असते. तिसरी नुकतीच विधवा झालेली असते, आणि तिचे ऐकून बाकीच्या घरी जाऊन पेटी उघडतात. तिसरी गोष्ट, दर बैठकीनंतर घरचाच खराखुरा हिशेब मांडावयाचा असतो. दुसऱ्याच्या गणिताने कोणाचे शेत वाचत नाही.

६. आपल्याकडील एक उदाहरण

ही विद्या लिहित्या वाचत्या व धनवान देशातील बायांनाच साधेल, असे कोणी म्हणेल. त्यास सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात, म्हसवड येथे, उत्तर मिळते. तो मुलूख दुष्काळी. तेथे चेतना गाला सिन्हा ह्यांनी गावच्या बायांना घेऊन बँक काढण्याचा अर्ज रिझर्व्ह बँकेकडे केला, तेव्हा अर्जदारांत निरक्षर बाया आहेत ह्या कारणाने तो नामंजूर झाला. बाया खचल्या नाहीत. त्या लिहावयास शिकल्या, आणि पुन्हा मुंबईस जाऊन त्यांनी अधिकाऱ्यांस असे सुचविले की, कोणत्याही रकमेचे व्याज आम्हांस विचारा, आणि तुमच्या माणसांनीही यंत्रावाचून ते करून दाखवावे. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. पुढे तेथे ग्रामीण स्त्रियांकरिता व्यवहारशिक्षणाची शाळा निघाली, आणि शेळ्यांची निगा व रेतन शिकलेल्या बाया गावोगाव जाऊन काम करू लागल्या. तात्पर्य, अक्षर नसले तरी हिशेबाची बुद्धी असते. तिला वाट मात्र द्यावी लागते.

७. एक आक्षेप

काही घरधनी म्हणतात, बायकोने हिशेब विचारणे म्हणजे आमच्यावर अविश्वास दाखविणे होय. आम्ही त्यांस नम्रपणे विचारतो: दोन बैलांचे जू एका बैलाच्या मानेवर ठेवून नांगर सरळ चालेल काय? जी गोष्ट तुम्ही आज प्रीतीने सांगणार नाही, ती उद्या तिला परका मनुष्य आपल्या सोयीने सांगेल. आणि बायांसही आमचे सांगणे आहे की, हिशेब विचारणे हे भांडण उकरण्यासाठी नसावे. ॲनीने वही नवऱ्यास चूक ठरविण्यासाठी ठेविली नाही. दोघांचे शेत राहावे म्हणून ठेविली. तिच्यामागे तिच्या कन्येने शाळा काढली, ती त्या वहीच्या आधारावर.

ह्या पाठापासून प्रत्येक घरी निदान एवढे व्हावे. एक वही घ्यावी. एका पानावर देणे, धनकोचे नाव व फेडीची तारीख लिहावी. दुसऱ्या पानावर ह्या हंगामात दर शेतास घातलेला पैसा, बी, खत, मजुरी, भाडे, हे त्या त्या दिवशी लिहावे; आठवून लिहिलेला खर्च नेहमी कमी भरतो. तिसऱ्या पानावर गाईम्हशींची व शेळ्यांची विते. आणि सातबाऱ्याचा उतारा, विम्याचा कागद, पावत्या एका ठिकाणी ठेवून ते ठिकाण दोघांनाही ठाऊक असावे. बाईस लिहिता येत नसेल, तर शाळेत जाणाऱ्या मुलीने लिहावे व आईने सांगावे. त्यात दोघीही शिकतील.

उजळणीचे प्रश्न

१. १९८१ पूर्वी अमेरिकेतील शेतकरी विधवेस आपल्याच श्रमाच्या जमिनीवर कर का भरावा लागे?
२. शेतीच्या पाच जोखमी कोणत्या? आपल्या गावी गेल्या साली त्यांपैकी कोणती आली?
३. भाव तोच असून एका साली नफा व दुसऱ्या साली तोटा कसा होतो, हे मक्याच्या दाखल्यावरून सांगा.
४. शंभर गाईंपैकी भाकड कोणत्या हे ठाऊक नसल्यास काय हानी होते?
५. आपल्या घरच्या कर्जाची फेड कोणत्या तारखेस आहे? हे उत्तर नवराबायकोंनी वेगवेगळे लिहावे, आणि मग दोन्ही कागद ताडून पाहावे.